पाणी कुठपर्यंत आलं होतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, जानेवारी २०२६. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सत्रात दहावी १९८६ च्या एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘ऑस्ट्रेलियातलं जीवनमान आणि घरांचा बाजार’. आमच्या बॅचच्या ग्रुपवर त्याचं लगेच सोपं भाषांतर झालं, ‘तिकडं एखादा फ्लॅट घेऊन ठेवावा काय?’ तर त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत परदेशी माणसाला ऑस्ट्रेलियात जुनं, म्हणजे आधीच बांधलेलं घर घेता येत नाही. तात्पुरत्या व्हिसावर तिथे राहणाऱ्यालाही नाही. अपवाद मोजके आहेत. नवीन घराला परवानगी मिळू शकते, पण मी राहते त्या न्यू साउथ वेल्स राज्यात परदेशी खरेदीदाराला नेहमीच्या मुद्रांक शुल्काशिवाय किमतीच्या नऊ टक्के जादा भरावे लागतात. विषय संपला.

पण मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि मी सांगलीची आहे, तेव्हा ती मी पूर्ण वापरणार.

मी राहते त्या गावाचं नाव लिझमोर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते ऐकलंही नसेल. सिडनी नाही, मेलबर्न नाही. ब्रिस्बेनहून दक्षिणेला गाडीने अडीच तास. शहर आणि भोवतीची खेडी धरून चव्वेचाळीस हजारांच्या आसपास वस्ती. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव, पण तिथे त्याला शहर म्हणतात. एक विद्यापीठ आहे, मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, आइस्क्रीमचा कारखाना आहे आणि मधोमध नदी आहे. नदीचं नाव विल्सन्स. तिला गावातच लेस्टर क्रीक नावाचा ओढा येऊन मिळतो. आपल्याकडे दोन पाण्यांचा संगम झाला की घाट बांधतात, देऊळ उठतं. तिथे बाजारपेठ उठली.

मूळची ही भूमी बंजलंग लोकांची. गोरे लोक आले ते लाल सीडरच्या लाकडासाठी. झाडं तोडायची, ओंडके पाण्यात सोडायचे, आणि जहाज जिथवर वर येऊ शकेल तिथे ते भरायचे. समुद्राच्या भरतीचं पाणी नदीतून लिझमोरपर्यंत चढतं, म्हणून धक्का तिथे झाला आणि धक्क्याभोवती गाव. भोवतालचं पर्जन्यवन पंचाहत्तर हजार हेक्टरांचं होतं, त्यातलं आज शंभरातला एक भागसुद्धा शिल्लक नाही. डोंगर बोडके झाले, तिथे दुभत्या गाई आल्या, नंतर मॅकाडेमियाच्या बागा आल्या. गाव मात्र जहाजाच्या सोयीने बसलं होतं तिथेच राहिलं, वाटीच्या तळाशी. भूगोलाच्या बाई आज इथे आहेत. बाई, तुम्ही फळ्यावर पाणलोट क्षेत्राची आकृती काढायचा ना, पानाच्या शिरांसारखी? ती मला तिथे जाऊन समजली. तीन बाजूंना डोंगर, पाऊस कोकणासारखा, आणि सगळ्या शिरा एकाच देठाशी येतात. तो देठ म्हणजे आमची बाजारपेठ.

मी २००८ साली तिथे गेले ते मिस्टरांच्या नोकरीमुळे. मला पहिल्याच आठवड्यात गाव आवडलं, हे कबूल करते. हवा सांगलीची नाही, चिपळूणची. आंबा येतो, केळी येतात, मी लावलेला कढीपत्ता आता गच्चीला लागलाय. शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे शेतकरी स्वतः भाजी विकतो आणि शेजारी कुणीतरी गिटार वाजवत असतो. जवळच निंबिन नावाचं खेडं आहे. १९७३ साली तिथे विद्यार्थ्यांचा मोठा महोत्सव भरला होता, त्याला आलेले बरेच तरुण परत गेलेच नाहीत. त्यांची पोरं-नातवंडं आता आमच्या गावात वकील, शिक्षक, सुतार आहेत. त्यामुळे गावाला एक मोकळेपणा आहे. अनवाणी बँकेत गेलं तरी कुणी वळून बघत नाही. जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, कागदी कंदिलांची मिरवणूक निघते. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मी रडले होते. आपली दिवाळी नोव्हेंबरात, भर उकाड्यात येते आणि फराळ करताना घामाच्या धारा लागतात, पण या जूनमधल्या रात्री मला आकाशकंदिलाची थंडी मिळते.

घरांकडे येते. २०१४ पासून मी तिथल्या एका मालमत्तेच्या कचेरीत नोकरी करत होते. काम भाड्याच्या घरांचं. मालकाच्या वतीने भाडेकरू शोधायचा, घर दाखवायचं, भाडं वसूल करायचं, नळ गळला तर प्लंबर पाठवायचा. आपल्याकडे भाडं महिन्याचं असतं, तिथे आठवड्याचं बोलतात. डिपॉझिट चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाच्या खिशात जात नाही, सरकारकडे जमा होतं. मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्यांनी यावर एक सुस्कारा सोडायला हरकत नाही.

खरेदीची पद्धतही सांगण्यासारखी आहे. शनिवारी अर्धा तास घर उघडं ठेवतात. कुणीही जावं, कपाटं उघडून बघावीत. पसंत पडलं की वकिलाकडे कागद. मालकीहक्काची सरकारी नोंद हीच मालकी, ही पद्धत १८५८ साली साउथ ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि पाच वर्षांत आमच्या राज्यात आली. सातबारा हा महसुलाचा उतारा असतो, मालकीचा अखेरचा पुरावा नसतो, हे इथल्या वकील मंडळींना मी सांगायला नको. तिथे तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, वारसांच्या सह्या, चुलत्याची हरकत, यातलं जवळजवळ काही नाही. माझ्या वडिलांचा अर्धा जन्म एका हिश्श्याच्या दाव्यात गेला. त्यामुळे ते कोरे करकरीत कागद मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, या लोकांनी घराचं दुःखच मिटवून टाकलंय.

त्या कागदांत नगरपालिकेचा एक दाखला जोडावाच लागतो. या जागेवर पुराच्या दृष्टीने बांधकामाचे निर्बंध आहेत की नाहीत, हे त्यात लिहिलेलं असतं. आहेत किंवा नाहीत, एवढंच. पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते त्यात नसतं.

लिझमोरमध्ये घराची किंमत खोल्यांवर ठरत नाही, उंचीवर ठरते. गूनेलाबा म्हणून टेकडीवरचा भाग आहे, आम्ही तिथे राहतो. तिथलं बिनसौंदर्याचं विटांचं घर महाग. आणि खाली साउथ आणि नॉर्थ लिझमोरमधली शंभर वर्षांची लाकडी घरं, खांबांवर उचललेली, वर पत्रा, पुढे रुंद व्हरांडा, जाळीदार नक्षी, अशी की बघत राहावं, ती स्वस्त. खांब उगीच नाहीत. जुन्या लोकांनी १९५४ आणि १९७४ चे पूर पाहिले होते, दोन्ही बारा मीटरच्या थोडे वर गेले होते. त्यांनी त्या हिशेबाने जमिनी उचलल्या. खाली गाडी आणि कपडे धुवायचं यंत्र, वर संसार.

२००५ मध्ये बाजारपेठेभोवतीचा बांध पूर्ण झाला, साडेदहा मीटरच्या आसपास उंचीचा. बांध झाला की नदी लोकांच्या डोळ्यांआड होते. मार्च २०१७ मध्ये पाणी त्यावरून आलं, ११.५९ मीटर. दुकानदारांनी चिखल काढला, रंग दिला, परत शटर वर केली. सांगलीकरांना यात नवीन काही नाही. (आपण आयर्विन पुलाचे फूट मोजतो, ते मीटर मोजतात. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून कोण मोठं म्हणून भांडू नका. शून्य कुठून धरलं ते दोन्हीकडे वेगळं आहे.)

मग करोना आला. शहरातले पैसेवाले लोक घरून काम करायला लागले आणि त्यांना समुद्र हवा होता. आमच्यापासून पाऊण तासावर बायरन बे आहे, तिथे सिनेमातले लोक राहतात. तिथल्या किमती अशा चढल्या की तिथल्या हॉटेलात काम करणारी, शाळेत शिकवणारी, म्हाताऱ्यांची सेवा करणारी माणसं मागे सरकत सरकत आमच्याकडे आली. आमच्याकडेही टेकडी परवडेना. परवडत होतं ते खालचं. माझ्या टेबलावर २०२१ मध्ये एकेका घरासाठी तीसतीस अर्ज असायचे.

त्या तीसांतलं एक जोडपं केरळचं होतं. ती नर्स, रात्रपाळीची. तो एका गोदामात. मुलगा चार वर्षांचा. नॉर्थ लिझमोरमधलं खांबांवरचं घर मी त्यांना दाखवलं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “दीदी, इथे पाणी येतं का?” नदी माहीत असलेल्या माणसाचा प्रश्न. केरळनेही २०१८ पाहिलं होतं.

आमच्या राज्यात कायदा आहे की गेल्या पाच वर्षांत जागेवर पूर आला असेल तर भाडेकरूला सांगितलंच पाहिजे. मी सांगितलं. २०१७ मध्ये आवारात पाणी होतं, खांबांच्या वर चढत गेलं, पण घराच्या फळीला लागलं नाही. घरात आलं नव्हतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. मालकाने दाखवलेले फोटोही माझ्याकडे होते. तिने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने भाड्याचा आकडा परत एकदा विचारला, आणि त्यांनी सही केली.

२८ फेब्रुवारी २०२२. रविवार संपून सोमवार उजाडत होता. डोंगरात काही ठिकाणी चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. लोक झोपले तेव्हा त्यांच्या डोक्यात २०१७ चा आकडा होता. जे सावध होते त्यांच्या डोक्यात १९७४ चा. दोघांनीही आपापल्या आकड्याप्रमाणे सामान वर चढवलं होतं. नदी १४.४ मीटरवर गेली. आजवरच्या सगळ्या नोंदींच्या जवळजवळ दोन मीटर वर.

पहाटे साडेतीनला माझा फोन वाजला. ती होती, हॉस्पिटलमधून. “नवरा म्हणतोय पाणी फळीतून वर येतंय. आपत्कालीन नंबर लागत नाही. तुम्ही काही करू शकता का?” मी काय करणार होते? आम्ही टेकडीवर, मध्ये समुद्र. मी नंबर फिरवत राहिले. सरकारी बोटी पुरल्याच नाहीत. उजाडल्यावर गावातले लोक स्वतःच्या मासेमारीच्या लहान पत्र्याच्या होड्या घेऊन निघाले, कुणाच्याही आदेशाशिवाय, काही जण तर आदेश मोडून, आणि त्यांनी छपरांवरून माणसं उतरवली. त्या दोघांना, म्हणजे बापाला आणि पोराला, सव्वाआठच्या सुमाराला एका अनोळखी माणसाने छपरावरून घेतलं. बापाने छताची फळी कपाटाच्या लोखंडी दांड्याने फोडली होती. पोराला त्याने शर्टाने स्वतःच्या पाठीला बांधलं होतं.

विद्यापीठात निवारा उघडला होता. मी दुपारी तिथे जेवण घेऊन गेले तेव्हा ती भेटली. ड्यूटीच्याच कपड्यांत होती. मी काहीतरी बोलायला लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात, घरात पाणी आलं नव्हतं.”

रागाने नाही हं. जणू मला आठवण करून देत होती.

पुढचे दिवस तुम्हाला सांगायची गरज नाही, २०१९ तुम्ही पाहिलंय. तो वास तोच. डिझेल, गटार आणि भिजलेल्या गाद्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छातीइतके ढीग, त्यात फ्रीज, पियानो, लग्नाचे अल्बम. फरक एवढाच की सांगलीत कृष्णा सावकाश चढते, कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीत किती अडवलं यावर आपण चार दिवस वाद घालतो, आणि मग पाणी आठवडाभर मुक्काम करतं. तिथे ते एका रात्रीत आलं. माणसं मात्र सारखी निघाली. ‘कूरी मेल’ नावाचं आदिवासींचं वर्तमानपत्र लिझमोरहून निघतं. त्यांनी आपलं ऑफिस बुडालेलं असताना मदतकेंद्र उभं केलं, आणि ज्या लोकांची जमीन घेऊन हे गाव उभं राहिलं त्यांनीच गावाला कपडे, औषधं, जेवण पुरवलं. शीख स्वयंसेवकांनी मोठमोठ्या पातेल्यांत डाळभात केला. बुडालेल्या शाळांपैकी काहींचे वर्ग विद्यापीठाच्या आवारात भरले. आणि महिनाभरात, ३० मार्चला, नदी परत बांधावरून आली. तेव्हा लोक रडलेही नाहीत. नुकत्याच धुतलेल्या भिंती परत धुवायला लागले.

इथे गणिताच्या सरांसाठी एक गोष्ट. पूररेषा तुम्हाला माहीत आहेत, निळी पंचवीस वर्षांची, लाल शंभर वर्षांची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हटलं की आपल्याला वाटतं, आजोबांच्या वेळी येऊन गेला, आता नातवाच्या वेळी येईल. तसं नसतं. अर्थ एवढाच की दर वर्षी शंभरात एक शक्यता. दर वर्षी नव्याने फासे टाकायचे. तिथे घरकर्ज तीस वर्षांचं असतं. तीस वर्षांत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता काढा, सव्वीस टक्के येते. म्हणजे कर्ज फिटायच्या आत चारांतल्या एकाला. हे गणित आपल्याला अकरावीत येत होतं. मी दहा वर्षं घरं दाखवली आणि एकदाही मांडलं नाही.

विमा कंपन्यांनी मांडलं होतं. पूर धरून विमा मागितला तर खालच्या घरांना वर्षाला वीस-तीस हजार डॉलरचे आकडे सांगितले गेले. घरमालकाने मग पूर वगळून विमा घ्यायचा किंवा घ्यायचाच नाही. म्हणजे ज्याला धोका जास्त, तो उघडा. बाजार हा असा प्रामाणिक असतो. तो सगळं खरं सांगतो, पण आकड्यात सांगतो, आणि तो आकडा ज्याला परवडत नाही त्याने तो न ऐकल्यासारखं करायचं असतं.

मग सरकारने घरं विकत घ्यायला सुरुवात केली. योजना त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जाहीर झाली, केंद्र आणि राज्य मिळून. सर्वांत धोक्यातली घरं सरकार घेणार, तीसुद्धा पुराच्या आधीच्या भावाने. ज्यांना राहायचंय त्यांतल्या काहींना घर उचलून घ्यायला एक लाख डॉलरपर्यंत मदत, किंवा पाणी लागलं तरी लवकर वाळेल असं दुरुस्त करायला पन्नास हजारांपर्यंत. २०१९ नंतर आपल्याकडे पंचनाम्यासाठी ज्यांनी रांगा लावल्या त्यांना हे स्वप्न वाटेल, आणि खरंच, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण दोन गोष्टी झाल्या. एक, पैसे हातात येईपर्यंत टेकडीवरचे भाव चढले, आणि मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या दीड वर्षात रिझर्व्ह बँकेचा व्याजदर ०.१० टक्क्यावरून ४.३५ वर गेला. खालच्या घराच्या पैशात वरचं घर येईना. बरेच म्हातारे लोक गाव सोडून मुलांकडे गेले. दुसरी गोष्ट, योजना मालकांसाठी होती. भाडेकरूच्या नावावर घर नसतं, तेव्हा त्याचं काही विकत घेता येत नाही. केरळच्या जोडप्याला मिळाली ती तात्पुरत्या वसाहतीतली एक डबाखोली.

आता नॉर्थ लिझमोरमध्ये गेलात तर एक घर, मग मोकळं गवत, मग कुंपण घातलेलं रिकामं घर, मग परत एक घर जिथे दिवा लागतो. घेतलेली घरं पाडतात, किंवा ट्रकवर चढवून टेकडीवर नेतात. लाकडी घर असं उचलून नेता येतं, मी रात्री दोन वाजता एक जाताना पाहिलंय, व्हरांड्यासकट. काही रिकाम्या घरांत बेघर माणसं येऊन राहिली, प्रकरण न्यायालयात गेलं. गावात यावरून आजही दोन तट आहेत आणि मी कोणत्याच तटात नाही. घर नाही म्हणून रस्त्यावर झोपणारा माणूस आणि समोर रिकामी उभी चांगली घरं, हे रोज बघणं सोपं नाही. आणि जिथून आपण माणसं काढली तिथे परत पोरंबाळं झोपू द्यायची, हेही मला बघवत नाही.

मार्च २०२५ मध्ये चक्रीवादळ येणार म्हणून सगळा खालचा भाग रिकामा केला. पाणी बांधाच्या आतच राहिलं. दुसऱ्या दिवशी लोक बांधावर येऊन नदीकडे बघत उभे होते. कुणी बोलत नव्हतं.

मी ती नोकरी २०२३ मध्ये सोडली. कचेरीशी भांडण झालं नाही. फक्त घर दाखवायला गेले की मला दाराच्या चौकटीवर नजर जायला लागली होती आणि अर्जदारांना ते कळत होतं. आता मी एका संस्थेत भाडेकरूंना सल्ला द्यायचं काम करते. पगार कमी आहे. ती नर्स अजून फोन करते, सणाला. ते आता टेकडीवर भाड्याने राहतात. तिने मला कधी दोष दिला नाही आणि मी कधी माफी मागितली नाही, कारण मी खोटं बोललेच नव्हते. मला तेच कुठेतरी खुपत राहतं.

आता सांगलीचं एक सांगते आणि बसते.

आमचं गावभागातलं घर तुम्हाला माहीत आहे. मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग आमच्या आईच्या हातचे पोहे खायला यायचा. आई गेल्यावर दादाने ते विकायला काढलं. मी यंदा आले ती खरं तर त्याच कामासाठी, मेळावा मध्ये आला हे माझं भाग्य. गेल्या आठवड्यात एक तरुण जोडपं घर बघायला आलं. झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं, कर्ज मंजूर झालंय. दादाने भिंतींना नुकताच ऑइलपेंट दिला होता, छातीपर्यंत गडद, वर फिका. छान दिसतो. त्या मुलीने विचारलं, “काका, इथं पाणी येतं का?”

दादा म्हणाला, “गेली चार वर्षं पायरीलासुद्धा लागलेलं नाही.”

शब्द न् शब्द खरा.

मी तिला आत नेलं. देवघराच्या चौकटीला आतल्या बाजूने रंग लागत नाही, तिथे आईने दरवेळी खिळ्याने रेघ ओढलेली आहे. २००५ ची रेघ माझ्या गुडघ्याला. २०१९ ची माझ्या हनुवटीला. २०२१ ची दोहोंच्या मध्ये. ती मुलगी प्रत्येक रेघेला पाठ लावून उभी राहिली. मग तिने नवऱ्याला हाक मारली आणि तोही उभा राहिला. दोघं अंगणात जाऊन काहीतरी हिशेब करत बसली, आणि परत येऊन त्यांनी आमच्या आकड्यातून सहा लाख कमी करून सांगितले. घर आवडलंय, म्हणाली. घेतलं तर राहायचं वर, दुकानाचे कागद वर, खाली काही ठेवायचं नाही. इसार अजून दिलेला नाही. विचार करून सांगतो म्हणालेत.

दादाचंही बरोबर आहे. त्यालाही पुण्यात मुलाजवळ घर घ्यायचंय आणि तिकडे त्याला सहा लाख कुणी सोडणार नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल संध्याकाळी चहा मात्र त्यानेच आणून दिला.

तो आज इथेच बसलाय, १९८१ च्या रांगेत, निळा शर्ट. तेव्हा जेवताना ज्यांना ऑस्ट्रेलियाचं काही विचारायचं असेल त्यांनी मला खुशाल विचारा, पण त्याच्या पानाजवळ घराचा विषय काढू नका.